एरियलची तार

हंबीररावांनी भिंतीतला प्लग उपटला आणि वायर हाताला गुंडाळायला सुरुवात केली. कॅमेऱ्याशेजारचा मोठा दिवा विझला. लॅपटॉप मात्र स्वतःच्या बॅटरीवर चालतच राहिला आणि पडद्यावरचा म्हातारा एक हात वर करून सांगत राहिला.

"...तार धरायला कोण तरी उंच पायजे हुता. तेवढ्यात वाडीचा हंबीर आला वाटंनं. त्याला म्हटलं, पैलवान, धर. आन् हालू नकोस. ह्यो हालला की रेडिओ गप..."

"बंद कर ते."

अनुजानं चित्र थांबवलं. तिला हसू आवरत नव्हतं.

"आजोबा, हे तुम्हीच ना? म्हणजे अख्ख्या गावाला चंद्रावरची बातमी ऐकवली तुम्ही, आणि छप्पन्न वर्षं सांगत सुटलाय की कोणी गेलंच नाही!"

हंबीरराव वायर गुंडाळत राहिले. हातभर वायरीला गुंडाळून गुंडाळून किती गुंडाळणार? संपली तशी त्यांनी ती उलगडली आणि पुन्हा पहिल्यापासून गुंडाळायला घेतली.

अनुजा रंकाळ्याकडची मुलगी. दीड वर्षं ती एका माहितीपटाच्या मागं हात धुऊन लागली होती. माणसाच्या चंद्रावरच्या पहिल्या सफरी हा विषय. अर्धा माहितीपट जुन्या अमेरिकन चित्रफितींचा, ज्या कुणालाही वापरायला मोकळ्या आहेत. उरलेला अर्धा कोल्हापूर जिल्ह्यातल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांचा, ज्यांनी एकोणसत्तर सालच्या जुलैत ती बातमी आपल्या कानांनी ऐकली त्यांचा. त्यात हंबीरराव म्हणजे तिला सापडलेलं घबाडच होतं.

गंगावेशीत कुणालाही विचारा. ऐंशी वर्षांचे वस्ताद, सव्वासहा फूट उंची, तालमीत पैलवानांच्या तीन पिढ्या घडवल्या, आणि माणूस चंद्रावर गेला असं कुणी म्हणायचा अवकाश, वस्ताद भडकलेच. पुनवेच्या संध्याकाळी तालमीतली माणसं मुद्दाम खडा टाकून बघत. दोन वर्षांपूर्वी आपलं यान चंद्रावर उतरलं तेव्हा तालमीत टीव्ही लावून साखर वाटली होती. वस्तादांनी चिमूटभर साखर तोंडात टाकली आणि म्हणाले, "यंत्र गेलं आसंल. माणूस न्हाय गेला कदी." आणि धोतर झटकून उठून गेले.

हे सगळं अनुजानं आधीच चित्रित करून ठेवलं होतं. मग मागच्या आठवड्यात राधानगरीकडच्या एका गावात तिला आण्णा भेटले. वय पंच्याऐंशी, कानानं कमी, पण आठवण पक्की. त्यांनी तार धरणाऱ्या पैलवानाची गोष्ट सांगितली, नावानिशी सांगितली, आणि अनुजा तिथल्या तिथं उडालीच. आज कॅमेरा लावून, वस्तादांच्या तोंडासमोर ती गोष्ट ठेवून त्यांचा चेहरा टिपायचा असा तिचा बेत होता. चेहरा तिनं टिपला होता, पण तो तिला हवा तसा नव्हता.

"काय ओ मामा, लाइट गेली व्हय?"

बायडाबाई चहा घेऊन दारात उभी होती. ती हंबीररावांची भाची. भाची नात्यापुरती. जन्मल्या दिवशीच तिची आई गेली, बापानं दुसरं घर केलं, आणि हंबीररावांनी तिला खांद्यावर घेतली ती लग्न होईतो उतरवली नाही. आता वीस वर्षं तीच त्यांना सांभाळत होती. माझ्या दावणीला चार म्हशी आणि पाचवे मामा, असं ती कट्ट्यावर दूध प्यायला येणाऱ्या गिऱ्हाइकांना हसत सांगायची.

हंबीररावांनी लॅपटॉपचं झाकण तळहातानं खाडकन मिटलं.

"मशिन बिघडलंय हिचं."

"बिघडलंय कुठलं? चांगलं बोलत हुतं की कोण तरी. मला बी दाव की गं. काय दावत हुतीस मामांस्नी?"

"मावशी, इतकं भारी आहे ना," अनुजा म्हणाली, "तुमच्या मामांचा एक..."

"बायडा, म्हस वरडतीया."

म्हैस अजिबात ओरडत नव्हती. बायडाबाईनं दोघांकडं एकेकदा बघितलं, चहा खाली ठेवला आणि गोठ्याकडं गेली. तिची पावलं लांब जाईपर्यंत हंबीररावांनी झाकणावरचा हात काढला नाही.

"ते काढून टाक," ते हळू आवाजात म्हणाले.

"काय काढून टाकू?"

"आण्णाचं ते बोलणं. पिच्चरमधनं काढून टाक."

"आजोबा, फिल्मचा जीव आहे तो! शेवटी तुम्ही म्हणणार, कोण गेलं न्हाय. लगेच आण्णा म्हणणार, तारच यानं धरली होती. लोक टाळ्यांनी हॉल डोक्यावर घेतील."

"काढ म्हणतोय न्हवं."

"कारण सांगा, आत्ता काढते."

हंबीररावांनी दाराकडं बघितलं. गोठ्यातून बायडाबाईचा आवाज येत होता. ती म्हशीला काहीतरी लाडानं शिव्या देत होती.

"कारण न्हाय काय."

"मग कसं काढू? रविवारी दाखवायचीय. हॉल ठरलाय, लोकांना बोलावलंय, मावशींनी अख्ख्या गंगावेशीला आवतण दिलंय..."

"मी तुज्या पाया पडतो पोरी."

आणि ते खरोखरच वाकले. सव्वासहा फुटांचा माणूस, ज्याच्या पायाला हात लावल्याशिवाय तालमीत कुणी आखाड्यात उतरत नाही, तो एका सव्वीस वर्षांच्या मुलीपुढं वाकला. अनुजा घाबरून मागं सरली. तिच्या धक्क्यानं चहा सांडला. तिनं भराभर कॅमेरा बॅगेत भरला, दिवा भरला, लॅपटॉप छातीशी धरला.

"बघते," ती दारातून म्हणाली.

बघते या शब्दाचा आपल्याकडं अर्थ होही होत नाही आणि नाहीही होत नाही. हंबीरराव तो शब्द धरून तिथंच बसून राहिले.

कारण होतं. ते जगात फक्त दोन माणसांना ठाऊक होतं, आणि त्यातली दुसरी, एक सुईण, कधीच वारली होती.

त्या साली हंबीररावांची धाकटी बहीण हौसा पहिल्या बाळंतपणाला माहेरी वाडीवर आली होती. सोमवारी झुंजुमुंजू व्हायच्या वेळी तिच्या पोटात दुखायला लागलं. आईनं हंबीरला उठवलं. ओढ्यापल्याडच्या गावातून सुईणीला घेऊन ये, म्हणाली. आणि वर हेही म्हणाली की, उगं पळत सुटू नकोस, पैलटकरीण हाय, दीस जाईल. ओढ्याला गुडघाभर पाणी होतं. हंबीर गेला, सुईणीला घेतलं आणि सात वाजायच्या सुमाराला परत निघाला. वाटेत ग्रामपंचायतीसमोर अख्खं गाव घोंगडी पांघरून पावसात बसलं होतं. पंचायतीचा रेडिओ बाहेर पायरीवर आणून ठेवला होता. यान रात्रीच चंद्रावर उतरलंय, आता माणूस बाहेर येणार, असं सांगत होते. पण वाऱ्यानं एरियलचा बांबू पाडला होता आणि तार चिखलात लोळत होती.

पाच मिनिटं, असंच सगळे म्हणाले. हंबीरनं तार हातात घेतली आणि हात वर केला, तसा रेडिओ बोलायला लागला. हात जरा खाली आला की खरखर, आणि खरखर झाली की शंभर माणसं एका दमात ओरडायची, हालू नकोस! सुईणही खाली बसली. तिलाही ऐकायचं होतं. आता येणार, आता येणार. दार उघडलं म्हणाले. मग शिडी म्हणाले. हंबीरचा दंड भरून आला तसा त्यानं हात बदलला. त्याला जाता आलं असतं. दुसरा कुणी ओट्यावर चढून उभा राहिला असता. पण खरं सांगायचं तर त्याला ते आवडलं होतं. चोवीस वर्षांचं वय, आणि अख्खं गाव आपल्या एका हाताकडं बघतंय. बहिणीची त्याला आठवण होती, नव्हती असं नाही. दीस जाईल, असं आईच म्हणाली होती.

माणूस उतरला तेव्हा लोकांनी गुलाल उधळला. कोल्हापूरकडच्या माणसाला आनंद झाला की गुलाल लागतोच, मग तो पंचायतीत निवडून आलेल्याचा असो नाहीतर चंद्रावर उतरलेल्याचा. हंबीरच्या डोक्यातोंडावर गुलालाचा चिखल झाला. बाळंतिणीच्या घरात असा कसा जायचा, म्हणून त्यानं ओढ्यात बसून डोकं धुतलं.

घरी पोचले तेव्हा पोर आजीच्या मांडीवर रडत होती. हौसा रडत नव्हती. सुईणीनं आत जाऊन बघितलं, बाहेर आली आणि फक्त हंबीरला ऐकू जाईल असं बोलली, "अर्धा तास आदी आलो आसतो तर रगत थांबवलं आसतं रं." आई दारात आली. डोक्यापासून पायापर्यंत निथळणाऱ्या पोराकडं तिनं बघितलं आणि विचारलं, "एवढा येळ?"

"वड्याला पाणी आलतं," हंबीर म्हणाला.

सुईण काही बोलली नाही. पुढं कधीच बोलली नाही. तिलाही बोलायला जागा नव्हती.

तिसऱ्या दिवशी कुणीतरी वाडीवर येऊन म्हणालं, ऐकलंसा का, माणूस चंद्रावर गेला. हंबीर म्हणाला, खोटं हाय. तेव्हापासून खोटं ते खोटंच. माणूस गेलाच नाही, तर रेडिओ नाही. रेडिओ नाही, तर तार नाही. आणि तार नाही, तर हंबीर त्या सकाळी कुठं होता? ओढ्याच्या काठावर, पाणी उतरायची वाट बघत. एवढा साधा हिशेब होता, आणि तो त्यानं छप्पन्न वर्षं निभावला. लोक हसत होते ते त्याच्या पथ्यावरच पडलं. ज्याला लोक हसतात त्याला कुणी काही विचारत नाही.

रविवारला तीन दिवस होते. शुक्रवारी हंबीररावांनी पोटात दुखतंय म्हणून सांगून बघितलं. बायडाबाईनं ओवा आणि गरम पाणी दिलं आणि समोर उभं राहून प्यायला लावलं. शनिवारी त्यांनी दुसरा डाव टाकला.

"तू कशाला येतीस? सगळं इंग्लिश हाय."

"मराठी केलंय म्हणाली की ती. आन् नसलं तर नसूं दे. तुमचं थोबाड तरी मराठी हाय न्हवं?"

"म्हशींची धार?"

"अकराला कुणाची धार आसती ओ मामा? तुमास्नी झालंय तरी काय?"

त्यांनी अनुजाला चारदा फोन लावला. तीनदा तिनं उचलला नाही. चौथ्यांदा म्हणाली, "आजोबा, एडिटला बसलीय, रविवारी भेटूच." आणि ठेवून दिला. संध्याकाळी बायडाबाई धार काढत असताना ते गोठ्याच्या उंबऱ्यावर येऊन बसले. आपणच सांगावं. परक्या हॉलमध्ये, परक्याच्या तोंडून कळण्यापेक्षा आपल्या तोंडून कळलेलं बरं. भांड्यात दुधाच्या धारा पडत होत्या, बायडाबाईचं डोकं म्हशीच्या कुशीला टेकलं होतं.

"बायडा."

"काय?"

तिनं मान वळवून बघितलं. छप्पन्न वर्षांची बाई, केस पांढरे व्हायला लागलेले, पण मामांनी हाक मारली की लहानपणी बघायची तशीच अजून बघत होती. काहीतरी खाऊ मिळणार असं.

"काय न्हाय," हंबीरराव म्हणाले, आणि स्वतःचा राग राग करत उठले.

शाहूपुरीतला तो हॉल फार मोठा नव्हता, पण खचाखच भरला होता. तालमीची सगळी मंडळी पुढच्या दोन रांगांत, त्यांच्या मागं कट्ट्यावरची गिऱ्हाइकं. बायडाबाई ठेवणीतली जरीकाठी नेसून आली होती आणि दिसेल त्याला सांगत होती, "मामा हायत पिच्चरात, मामा." हंबीररावांनी तिला खुर्चीवर बसवलं आणि थेट अनुजाला गाठलं. ती प्रोजेक्टरपाशी वाकून वायरी जोडत होती.

"काढलंस?"

"आजोबा, बसून घ्या ना. आवाजच येत नाहीये."

"काढलंस का न्हाय?"

"ए, मागचे दिवे घालवा रे!" ती कुणावर तरी ओरडली आणि दुसऱ्या वायरीकडं पळाली.

ते परत फिरले तर त्यांच्या रिकाम्या खुर्चीशेजारी आण्णा येऊन बसले होते. अनुजानं त्यांना खास गाडी पाठवून गावाकडून आणलं होतं.  त्या सकाळनंतर हंबीररावांनी आण्णांच्या त्या पल्याडच्या गावात पाऊल टाकलं नव्हतं.

"काय पैलवान, वळखलंस का न्हाय?" आण्णा ऐकू न येणाऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात म्हणाले.

बायडाबाई पुढं वाकली. "पावणं, तुमी मामांस्नी कसं वळखता?"

"आँ?"

"मामांस्नी! कसं वळखता?"

"ह्याला न्हवं वळखायचं? आरं, हेनं आमास्नी..."

दिवे गेले. अंधारात अनुजाचा आवाज आला, "शांतता राखा, सुरू करतोय." आण्णांचं वाक्य तोंडातच राहिलं. हंबीरराव दोघांच्या मधे बसले आणि त्यांनी आपले मोठे हात मांडीवर पालथे ठेवले. मग एकावर दुसरा ठेवला.

पडद्यावर आग दिसली. आगीच्या टोकावर तीन माणसं बसली होती. अनुजाच्या आवाजातच सगळी माहिती येत होती. पहिल्यांदा माणसं चंद्राला फक्त वळसा घालून आली, डिसेंबर अडुसष्टमध्ये. यान चंद्रामागं गेलं की रेडिओ बंद व्हायचा. मागं काय झालं, माणसं आहेत की गेली, हे पलीकडून बाहेर येईतो पृथ्वीवर कुणालाच कळायचं नाही. घरी त्यांच्या बायका एका छोट्या स्पीकरपाशी बसून राहायच्या. पडद्यावर एक बाई दिसली, केस नीट बसवलेली, हनुवटीखाली मूठ घेतलेली.

"आगं आई गं," बायडाबाई पुटपुटली. "काय जीव झाला आसंल तिचा."

मग इकडची माणसं यायला लागली. एका निवृत्त शिक्षकांनी सांगितलं की त्यांनी शाळेत पेरूचा चंद्र करून दाखवला आणि मधल्या सुट्टीत पोरांनी तो खाल्ला. हॉल हसला. चंदगडच्या एका आजींनी सांगितलं की त्यांच्या सासूनं वर्षभर चतुर्थीला चंद्र बघायचं बंद केलं होतं, आता तिथं परका बाप्या हाय म्हणून. हॉल आणखी हसला.

आणि मग आण्णा आले. खुर्चीतले आण्णा पडद्यावरच्या आण्णांकडं बोट दाखवून हसायला लागले.  पडद्यावर आण्णा सांगत होते, पाऊस, घोंगडी, पंचायतीची पायरी. वाऱ्यानं बांबू कसा पाडला. त्यांनी हात वर केला.

"...तार धरायला कोण तरी उंच पायजे हुता."

आणि चित्र बदललं.

काळंपांढरं, अंधुक, पाण्यातून बघितल्यासारखं काहीतरी पडद्यावर आलं. एक शिडी होती. हंबीरराव वाट बघत राहिले, पण आण्णा परत आले नाहीत. अनुजानं काढलं होतं. कारण कळलं नसतानाही काढलं होतं. पुढं भिंतीपाशी ती उभी होती, आणि अंधारातही त्यांना कळलं की ती पडद्याकडं न बघता त्यांच्याकडं बघतेय. वाचलो, असं त्यांच्या मनात स्पष्ट आलं. अगदी ह्याच शब्दात आलं.

पण नजर शिडीवरून हलेना. सगळ्या जगानं हजारदा बघितलेलं ते चित्र हंबीररावांनी एकदाही बघितलं नव्हतं. टीव्हीवर लागलं की ते उठून जायचे. शिडीवरून एक पांढुरकी आकृती चाचपडत खाली येत होती. मागं तीच खरखर होती. ती खरखर त्यांना कानानं नाही, दंडानं ओळखू आली. उजवा हात खांद्यापासून भरून यायला लागला. तर हे होतं ते. हे आपण ऐकत होतो. एवढं सावकाश उतरत होता होय तो?

पडद्यावर अक्षरं आली. २१ जुलै १९६९, सोमवार. भारतीय वेळ सकाळी ८ वाजून २६ मिनिटं.

"मामा!" बायडाबाईनं त्यांच्या गुडघ्यावर चापट मारली. "माझा वाडदिवस की ओ ह्यो! ह्याच टायमाला झाले आसंन मी, न्हाय?"

हंबीररावांनी मान हलवली की नाही, ते त्यांनाही कळलं नाही.

"आन् तुमी तिकडं वड्याच्या काठाला. भिजत." तिनं त्यांचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि हळू आवाजात बोलत राहिली. "मी कदी बोलले न्हाय मामा, पर मला कळतंय. त्या पुराचं तुमी मनाला लावून घेतलंसा. लगीन केलं न्हाय, कुस्ती सोडलासा. आवो, पाणी काय आपल्या बापाचं हाय व्हय, आपण म्हटलं की उतराय? आई जायाची हुती, गेली. त्यात तुमचं काय बी न्हाय."

हे ऐकून घेणं तार धरण्यापेक्षा फार फार अवघड होतं. हंबीररावांना हात सोडवून घ्यावासा वाटला, पण तेवढंही झालं नाही.

शेवटी पडद्यावर ते स्वतः आले. तालमीच्या दारात, छाती काढून. "कोण गेलं न्हाय. म्या म्हणतोय न्हवं, कोण बी गेलं न्हाय!" आणि त्यांच्या डोक्यावर, तालमीच्या कौलांवर दिवसाउजेडी उगवलेला फिकट चंद्र. हॉल हसून लोटपोट झाला, टाळ्या झाल्या, शिट्ट्या झाल्या, दिवे लागले. तालमीचे अध्यक्ष विजयसिंह खुर्चीत मागं वळून ओरडले, "काय वस्ताद! एवढं बघितलासा, आता तरी पटलं का न्हाय?"

सगळा हॉल त्यांच्याकडं वळला. सगळ्यांना उत्तर पाठ होतं. ते ऐकायलाच सगळे वळले होते. बायडाबाई तर आधीच हसत होती.

"मामा कुठलं मानतायत!" ती म्हणाली.

हंबीरराव उठून उभे राहिले. ऐंशी वर्षांच्या गुडघ्यांना उठायला वेळ लागतो. तोवर हॉल जरा शांत झाला.

"गेलती," ते म्हणाले.

"आँ?" आण्णा म्हणाले.

"माणसं गेलती. खरं हाय ते. मी ऐकलंय माज्या कानानं. पल्याडच्या गावात, पंचायतीच्या म्होरं, तार धरून हुभा हुतो मी."

जो गलका झाला तो कुस्ती चितपट झाल्यावर होतो तसा. विजयसिंह खुर्चीवर चढले. छप्पन्न वर्षांनी वस्ताद पडले, असं कुणीतरी ओरडलं. आण्णा शेजाऱ्याला ढोसत सांगत होते, "ह्योच की त्यो! ह्योच!" अनुजा कॅमेरा घेऊन माणसांतून वाट काढत येत होती. तिला काही उमगत नव्हतं, पण चेहरा फुलला होता.

बायडाबाईही टाळ्या वाजवत होती. मग तिच्या टाळ्या मंदावल्या आणि हात एकमेकांना लागून तसेच राहिले. हंबीररावांना सगळा हॉल दिसत होता, पण ते फक्त ते हात बघत होते. ते खाली बसले.

"पल्याडच्या गावात?" तिनं विचारलं.

"व्हय."

"सुईण?"

"संगट हुती."

मागून कुणीतरी हंबीररावांच्या पाठीवर थाप मारली. कुणीतरी पाया पडून गेलं. बायडाबाईनं ते सगळं होऊ दिलं आणि मग विचारलं, "वड्याला पाणी?"

"गुडघाभर."

ती समोर बघत होती. पडदा आता नुसता पांढरा होता. जरीच्या पदराचं टोक तिनं बोटाला गुंडाळलं, सोडलं.

"किती येळ हुभा हुता?"

"तासभर." ते पदराच्या त्या टोकाकडं बघत होते. "तासाच्या वर. दीड."

अनुजा येऊन पोचली. धापा टाकत तिनं कॅमेरा खांद्यावर घेतला. "आजोबा, एकदाच! आत्ता म्हणालात ते एकदाच परत म्हणा ना, कॅमेऱ्याकडं बघून!" भोवती माणसं गोळा झाली होती. म्हणा की वस्ताद, म्हणा की, असा सगळ्यांनी धोशा लावला.

"म्हणा की मामा," बायडाबाई म्हणाली. ती हसत नव्हती. "परत म्हणा."

हंबीररावांनी कॅमेऱ्याकडं पाठ केली आणि खुर्ची तिच्याकडं वळवून घेतली.

"सकाळच्या पारी आईनं मला उठवलं," ते म्हणाले.